ढोली असलेली झाडं

चैत्रात बडोद्याला कडुलिंबाला मोहोर येतो, तो आधी नाकाला कळतो. दुपारी दोनच्या सुमारास, डांबर मऊ पडलेलं असताना, स्कूटरवरून जाताना एखाद्या वळणावर अचानक हवा गोड होते आणि पुढच्या वळणापर्यंत तशी राहत नाही. त्या गोडीच्या तळाशी कडू काहीतरी असतं. मान वर केली तर दिसतात ती पानं, तांबूस, नुकती धुतल्यासारखी. फुलं मागाहून दिसतात, तीही उभ्या केलेल्या गाड्यांच्या सीटवर सांडलेली, साबुदाण्याहून लहान. आमच्या सुभानपुऱ्यातल्या गुजराती बायका सकाळी काठी आणि पिशवी घेऊन मोहोर उतरवतात, वाटून त्याचा रस काढतात आणि चैत्रभर अनशापोटी अर्धी वाटी पितात. वर्षभर ताप येत नाही म्हणे. आमच्या घरी पाडव्याला कोवळी पानं, गूळ, हिंग, ओवा. एकाच झाडाचा कडूपणा एका रस्त्यावरच्या घरांमध्ये दोन रीतींनी पोटात जातो.

यंदा आमच्या रस्त्यावरच्या झाडांना हात लावावासा वाटेना, म्हणून आईसाठी पाडव्याची पानं आणायला मी तीन गल्ल्या ओलांडून गेले. तिथल्या एका बंगल्याच्या फाटकाबाहेरचा लिंब खाली वाकला होता. मी फांदी ओढली तेव्हा आतून एका बाईंनी विचारलं, "तुमच्या बाजूला लीमडा नाही का?" मी म्हटलं, फाटकासमोर होता. बाई हसल्या आणि म्हणाल्या, घ्या घ्या, जेवढा पाहिजे तेवढा घ्या. मला त्या हसण्याचा राग आला. त्यांचा काही दोष नव्हता. या वर्षी मला लिंबाखाली उभं असणाऱ्या प्रत्येकाचा थोडा राग येतो.

त्याच आठवड्यात शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हरणीहून एका गृहस्थांचा फोन आला. निवृत्त शिक्षक, आवाज स्वच्छ, प्रत्येक वाक्य पूर्ण करणारे. त्यांच्या सोसायटीसमोरच्या झाडांवर रंगाने आकडे पडले होते. "तुमच्या रस्त्याचं ते पत्रक फार नावाजलं गेलं होतं असं ऐकलं. एक प्रत पाठवाल का? नमुना म्हणून." मी पाठवते म्हटलं. मग आठ दिवस पाठवलं नाही. पत्रक माझ्या कपाटात वरच्याच खणात आहे. खण उघडायचा तर हात पुढे होत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमचा रस्ता लांबलचक नाही. मोठ्या रस्त्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत चालायला सात-आठ मिनिटं. दोन्ही बाजूंना मिळून चौतीस झाडं, बहुतेक लिंब. मध्ये चार गुलमोहर, थोडे आसोपालव, शाळेजवळ एक म्हातारा शिरीष. आमच्या फाटकासमोर रांगेतला सातवा लिंब. त्याच्याखाली कांताबेनची इस्त्रीची लारी, म्हणजे हातगाडी. लारीला चाकं होती, पण ती कुठे जात नसे. चाकांच्या पुढेमागे विटा लावलेल्या. खोडात एक खिळा, त्यावर पाण्याची बाटली. खोडापासून दिव्याच्या खांबापर्यंत दोरी, तिच्यावर हँगरला लावलेले शर्ट. वारा आला की रिकामे शर्ट एकमेकांना धक्के मारत. मी दुसरीत होते तेव्हा ती आली आणि अठरा वर्षं तिथेच उभी होती. उभीच. इस्त्रीवालीला बसून काम करता येत नाही, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

शाळेत असताना हाच ऋतू परीक्षेचा. दहावीच्या एका पेपरला आईने सकाळी सातलाच मला युनिफॉर्म घेऊन खाली पिटाळलं होतं. कांताबेन लोखंडी इस्त्रीत कोळसे भरत होती. तिने ओंजळीने पाणी शिंपडलं, कापडाने चर्र आवाज केला, आणि त्या वाफेला ओल्या सुताचा, निखाऱ्याचा आणि वरून पडणाऱ्या मोहोराचा असा एकत्र वास आला. कुडत्यावर पडलेली फुलं तिने फुंकरीने उडवली. एक राहिलं, ते इस्त्रीखाली गेलं आणि खांद्यावर पिवळा ठिपका पडला. "घाल लगेच, गरम गरम," ती म्हणाली. ती गुजरातीतच बोलते, पण आमच्या रस्त्यावरच्या मराठी घरांशी बोलून बोलून तिच्या गुजरातीत आमचे शब्द शिरलेत, आणि आमच्या मराठीत तिचे. "गरम कपड्यात गेलं ने, तर पाठ केलेलं बधुं याद राहतं." मी घातला. गणिताचा पेपर होता. पाठ केलेलं काही विचारलं नव्हतं.

गेल्या वर्षी, याच दिवसांत, एका सकाळी बहुतेक खोडांना पांढरे पट्टे आणि त्यावर तांबडे आकडे दिसले. कांताबेनने मला हाक मारून विचारलं, "आ शेना नंबर? झाडांचं पण मतदान आलं की काय?" शेजारच्या विजेच्या खांबालाही आकडा पडला होता. तो बघून ती खूप हसली. दुपारपर्यंत नोटीस लागली. रस्ता रुंद व्हायचा होता, झाडं नडत होती, ज्या कुणाला हरकत असेल त्याने पंधरा दिवसांत वॉर्ड कचेरीत वांधाअरजी द्यावी. कांताबेनने मला नोटीस दोनदा वाचायला लावली. मग एकच विचारलं, "माझा लीमडा यात आहे?" आकडा होता. तिने खिळ्यावरची बाटली काढली, पाणी प्यायली, परत अडकवली. "हा जाईल तर मी कुठे जाऊ, बेन? उन्हात कोळशापाशी माणूस उभं राहू शकत नाही. मी करून पाहिलंय."

त्या दिवसापासून माझ्यासाठी चौतीस झाडांचा प्रश्न म्हणजे त्या एका झाडाचा प्रश्न होता. निदान मी स्वतःला तसं सांगत होते.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. माझे वडील खानदेशातून बडोद्याला आले ते एका रसायनांच्या कारखान्यात कामगार म्हणून, आणि निवृत्त होईपर्यंत कामगारांची पत्रकं तेच लिहीत. मराठीत लिहायची, मग त्यांचा एक मित्र गुजराती करायचा. उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे आमच्या घरी यायचे. स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर तेच अंथरलेले, माझी पाढ्यांची उजळणी त्यांच्याच पाठकोऱ्या बाजूवर. मी आयुष्यात सलग वाचलेलं पहिलं वाक्य "आमच्या मागण्या खालीलप्रमाणे आहेत" हे होतं. बाबा पत्रक लिहून झालं की पोळ्या लाटणाऱ्या आईला वाचून दाखवत. ज्या शब्दाला तिचं लाटणं थांबे तो शब्द जाई. आणि त्यांचे दोन नियम होते. पत्रकाखाली लिहिणाऱ्याचं नाव हवं. आणि पत्रकात एकही अक्षर खोटं नको, एक खोटं सापडलं की मालक तेवढंच धरून बसतात आणि बाकीचं वाचतच नाहीत.

मी या दोन नियमांवर वाढले. इतर मुलींना देवाची भीती घालत, मला चुकीच्या आकड्याची घातली होती.

सोसायटीची बैठक हसमुखभाईंच्या पार्किंगमध्ये झाली. हसमुखभाई आमचे सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त झालेले, मनाने चांगले, आणि कोणत्याही वाक्याची सुरुवात "झाडं कोणाला नको आहेत" अशी करणारे.

"झाडं कोणाला नको आहेत, मुग्धाबेन? मला पण पाहिजेत. पण माझी नवी गाडी जुओ. रोज सकाळी धुतो, संध्याकाळी पक्ष्यांनी रांगोळी काढलेली."

"गाडी घरात घ्या."

"घरात स्कूटर आहेत ने."

पाटीलकाकू म्हणाल्या, पानांनी गटार तुंबतं. एक जण म्हणाले, रस्ता मोठा झाला की फ्लॅटचा भाव वाढेल, पण झाडं गेली तर कमी होईल, मग नक्की काय होईल ते आधी कुणी सांगावं. एक तरुण म्हणाला की झाडांना नाडाछडी बांधू, फोटो काढू, पेपरला देऊ. हे सगळ्यांना आवडलं. मी म्हटलं, दोऱ्याने कुऱ्हाड थांबत नाही, अर्ज द्यायला चला. "अर्ज पण देऊ," हसमुखभाई म्हणाले, "पण फोटो पहिला."

रविवारी सकाळी फोटोला तीसेक माणसं आली. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, मुलांच्या हातांत फलक. आमच्या फाटकासमोरचं सातवं झाड सगळ्यांत डेरेदार, म्हणून तेच निवडलं. हसमुखभाईंनी कांताबेनला लारी जरा बाजूला घ्यायला सांगितलं, फोटोत मागे कपडे लोंबकळतात म्हणून. तिने विटा काढल्या. मी लारीला हात लावला, आम्ही दोघींनी ती खांबापलीकडे ढकलली, आणि मी परत येऊन फोटो काढला. सोमवारी वॉर्ड कचेरीत अर्ज द्यायला आम्ही चौघे होतो. त्यातल्या दोघांना ऑफिसला उशीर होत होता.

मी चिडले होते. त्या चिडीतूनच यादीची कल्पना निघाली. कचेरीच्या नोटिशीत झाडं सव्वीसच होती आणि त्यांतला एक विजेचा खांब होता. मला वाटलं, इथेच यांना धरता येईल. आपण आपली यादी करायची, अशी की तिच्यात कुणाला बोट घालता येणार नाही. प्रत्येक झाडाचा क्रमांक, जात, खोडाचा घेर आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना माझी करामत होती. कोरडे आकडे कोण वाचतं, प्रत्येक झाड वेगळं आहे हे कळलं पाहिजे.

मोजायला आईच्या शिलाई मशीनजवळची टेप नेली. ती एका झाडाला पुरेना. कांताबेन एक टोक धरून खोडाभोवती फिरायची, टेप संपली की तिथे बोट ठेवायची, मग पुढे. दुपारी गिऱ्हाईक नसायचं तेव्हा आम्ही दोघी असे आठ दिवस झाडांचं माप घेत होतो. "ब्लाउज शिवतेस काय याला?" ती विचारायची. शाळेजवळच्या शिरीषाला मिठी मारून तिने सांगितलं की हा नवऱ्यापेक्षा बरा, हलत नाही आणि बोलत नाही. तिला प्रत्येक झाडाची माहिती होती. कुठल्या गुलमोहराला आतून वाळवी आहे, कुठला लिंब वादळात कलला आणि तसाच जगला. तिच्या स्वतःच्या लिंबावर, दोन पुरुष उंचीवर, तिने मला ढोली दाखवली. "जो, जो, बघ, थांब." आम्ही थांबलो. हिरवं डोकं बाहेर आलं, आमच्याकडे तिरकं बघितलं, आत गेलं. "जोडी आहे. चार वर्षांपासून. भाडं देत नाहीत."

मी लिहून घेतलं. सगळं लिहून घेतलं, कारण ते सगळं खरं होतं. क्रमांक सात, लिंब, घेर इतका, खोडात ढोली, पोपटांची जोडी. क्रमांक बारा, लिंब, एका अंगाला कललेला, तरी दर वर्षी मोहोर. क्रमांक एकोणीस, गुलमोहर, बुंध्यात पोकळी, तीत खारी. अशी अकरा झाडं निघाली जी म्हातारी होती, वाकडी होती, आतून थोडी रिकामी होती. मला तीच सगळ्यांत जास्त आवडली. त्यांचे शेरे मी सगळ्यांत मन लावून लिहिले.

रात्री जेवताना मी बाबांना वाचून दाखवलं. आई पोळ्या लाटत होती, लाटणं कुठेच थांबलं नाही. बाबा म्हणाले, "नाव घातलंस ना खाली?" घातलं होतं. मराठी-गुजराती दोन्ही बाजू छापून आम्ही ते घरोघर वाटलं, आणि मला मान्य केलं पाहिजे की इतका आनंद मला त्याआधी कशाने झाला नव्हता. पाटीलकाकूंनी पत्रक वाचून त्यांच्या फाटकासमोरच्या बाराव्या झाडाला पाणी घालायला सुरुवात केली. हसमुखभाई फिरायला जाताना झाडांकडे बघून घेर सांगायचे.

सुनावणी झाली. इंजिनियर तरुण होते, दाढी नीट कातरलेली, समोर स्टीलच्या पेल्यात पाणी. मी भांडायच्या तयारीने गेले होते. त्यांनी आमची यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, एका बोटाने एकेक ओळ. मग वर बघून म्हणाले, "बहु सरस काम. अशी यादी आमचे माणसं पण करत नाहीत." त्यांनी चहा मागवला. आणखी तीन प्रती मागितल्या. माझ्या पिशवीत पाच होत्या, मी पाचही दिल्या.

पंधरवड्याने पत्र आलं. रस्ता रुंद करण्याचं काम तूर्त स्थगित, निरोगी झाडांना हात लावला जाणार नाही. हसमुखभाईंनी लीलो चेवडा आणला. कांताबेनला मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि त्या हाताला कोळशाची धग होती. "राहिला ने माझा लीमडा," ती म्हणाली. मी हो म्हटलं. पत्रकांवर वाढलेल्या मला, स्वल्पविरामाचा हिशेब ठेवणाऱ्या मला, "निरोगी" हा शब्द दिसला होता. मी त्याच्यावरून पुढे गेले. जिंकलेलं पत्र माणूस सावकाश वाचत नाही.

वैशाखात कांताबेन भाच्याच्या लग्नाला छोटा उदेपूरकडे गावी गेली, चार दिवसांसाठी. लारीवर तिने जुनी चादर बांधली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास खाली ट्रक थांबला आणि यंत्राची करवत सुरू झाली. तो आवाज मला दाताच्या डॉक्टरकडचा वाटला, फक्त रस्ताभर पसरलेला. मी तशीच चपला न घालता धावले. शाळेजवळचा एकोणिसावा गुलमोहर आडवा झाला होता, फुलांसकट. मुकादम पन्नाशीचा, शांत माणूस. त्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला कागद.

"कुणाच्या परवानगीने?" मी विचारलं. "आम्हाला लेखी मिळालंय, हात लावायचा नाही."

"रस्त्याचं काम नाही, बेन. पावसाआधीचं काम आहे. जे भयजनक झाड, ते पाडायचं. माणसावर पडलं तर जबाबदार कोण?"

"कोणी ठरवलं भयजनक?"

त्याने कागद माझ्यापुढे धरला. माझं पत्रक होतं. शेऱ्याच्या रकान्यात ढोली, पोकळी, कललेला, वाळवी, या शब्दांपुढे तांबड्या पेनने बरोबरच्या खुणा. अकरा. खाली माझं नाव. त्याने ते वाचलं, मग माझ्याकडे बघून, काही खोचक न बोलता, जणू हरवलेली वस्तू परत देतोय अशा सुरात विचारलं, "आ तमारुंज लिस्ट छे ने?"

मी भांडले. झाडापुढे उभी राहिले. हसमुखभाई आले, ते खरोखरच आले म्हणून मी आजही त्यांना मानते, आणि त्यांनीही सांगितलं की ढोली म्हणजे रोग नव्हे. मुकादमाने त्या इंजिनियर साहेबांना फोन लावून मला दिला. साहेब सौम्य आवाजात म्हणाले, "बेन, तुमच्याच सर्वेवर आम्ही विश्वास ठेवला." मी म्हणायला पाहिजे होतं की तुम्ही आमचं सगळं नाकारलंत, चौतीस झाडांचा घेर, सावली, शाळेची मुलं, आणि घेतलंत फक्त जे तुम्हाला हवं होतं. पण ते वाक्य जुळेपर्यंत करवत सातव्या झाडाशी आली होती. त्यांनी लारी आधी जपून बाजूला केली. चादर सुटली तर परत बांधली. फांद्या आधी उतरवल्या. ढोलीचा तुकडा खाली आला तेव्हा मी आत पाहिलं. रिकामी होती, पिल्लं उडून गेली असणार. आत लिंबोळ्यांच्या बिया आणि दोन हिरवी पिसं होती.

त्या संध्याकाळी बाबांशी माझं झालं ते भांडण आमच्या घरातलं सगळ्यांत हळू आवाजातलं भांडण असेल.

"म्हणजे मी खोटं लिहायला हवं होतं," मी म्हटलं.

"खोटं नाही. ढोली लिहायची नव्हती."

"ती होती, बाबा."

"होती ना. पण आम्ही संपाच्या पत्रकात कधी लिहिलं का, की कामगारांत दोन गट पडलेत? पडले होते. रोज भांडत होतो. पत्रक मालकाच्या टेबलावर जाणार हे धरूनच लिहायचं असतं."

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"सांगायला लागेल असं वाटलं नाही," ते म्हणाले.

मला अजून त्यांचं पटलेलं नाही. पटलं तर मला सोपं जाईल. एखाद्या झाडात पोपट राहतात हे लपवून ठेवावं लागतं, म्हातारं झाड तरुण म्हणून सांगावं लागतं, त्याशिवाय ते वाचत नाही, ही असली चतुराई शिकायची माझी इच्छा नाही. आणि ती नाही शिकली तर काय होतं, तेही मी अनवाणी पायांनी पाहिलं आहे. या दोन्हींच्या मध्ये मी एक वर्ष उभी आहे आणि मला कुठल्याच बाजूला पाऊल टाकता येत नाही. रस्त्याची तेवीस झाडं उरली आहेत. सोसायटीत त्याला विजय म्हणतात. हसमुखभाई नव्या माणसांना सांगतात, आमच्या मुग्धाबेनच्या पत्रकाने रस्ता थांबवला. ते खोटंही नाही.

कांताबेन लग्नाहून परतली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. ती बुंध्यापाशी थांबली. चपलेने भुसा थोडा बाजूला केला. मग लारी ढकलत परत जागेवर आणली, विटा लावल्या, आणि कोळसे पेटवले. तिने खांबापासून निळं प्लास्टिक बांधून बघितलं, ते वॉर्डाच्या माणसांनी काढायला लावलं. आता ती पहाटे येते आणि साडेनऊला, ऊन लारीवर चढलं की, उरलेले कपडे गाठोड्यात बांधून आपल्या पत्र्याच्या खोलीत नेते. तिथे इस्त्री करते. पत्र्याखाली, कोळशापाशी. काही घरांनी तिला कपडे देणं बंद केलं, वेळेवर मिळत नाहीत म्हणून. बंद करणाऱ्यांत मीही होते, पण माझं कारण वेगळं होतं. तिला वाटत होतं, झाड कचेरीने पाडलं. मला तिच्यासमोर कपडे धरून उभं राहवत नव्हतं. वर्षभर मी घरी वेडीवाकडी इस्त्री करत राहिले. आई फक्त माझ्या कॉलरी सरळ करायची.

हरणीच्या गृहस्थांचा दुसरा निरोप आला तेव्हा मी त्यांना कळवलं की रविवारी मी स्वतःच येते. मग खण उघडला, पत्रक काढलं, आणि सकाळी आठला खाली गेले. ते पुन्हा कुणाच्या हातात द्यायच्या आधी एका माणसाला कळायला हवं होतं.

कांताबेन शाळेचा शर्ट करत होती. परीक्षा चालू आहेत. मी सगळं सांगितलं, एका दमात, यादी, शेरे, तांबड्या खुणा, मुकादम, माझं नाव. ती ऐकत होती आणि इस्त्री चालू होती. बाही, दुसरी बाही, पाठ. संपल्यावर तिने शर्टाची घडी घातली आणि म्हणाली, "वाच."

"काय?"

"माझ्या लीमड्याचं. काय लिहिलं होतं ते वाच. मला कोणी वाचून दाखवलंच नाही."

मी गुजराती बाजू वर केली आणि वाचलं. क्रमांक सात. लिंब. घेर. खोडात ढोली, पोपटांची जोडी.

"ढोली तर मीच दाखवली तुला."

"हो."

"पोपट पण."

"हो, कांताबेन."

ती थांबली. मला वाटलं आता बोलेल, आणि मी त्यासाठी तयार होते, वर्षभर तयार होते. ती कागदाकडे बघत होती. "पछी?" तिने विचारलं. "पुढे वाच ने."

"पुढे नाही काही. पुढे आठवं झाड."

"एटलुंज?"

मी कागद उलटा करून मराठी बाजू पाहिली, जणू तिथे जास्त असेल.

"पोपट लिहिले," ती म्हणाली, "ने मने ना लखी."

शर्टाला बटण नाही हे सांगते त्याच आवाजात ती बोलली. मग पुढचा शर्ट घेतला, पाणी शिंपडलं, आणि मला जरा बाजूला सरक म्हणाली, कारण मी उभी होते तिथून तिच्या लारीवर ऊन येत नव्हतं आणि कॉलरीवरचा डाग तिला नीट दिसत नव्हता.

घरी येऊन मी पत्रक टेबलावर ठेवलं आणि सातव्या ओळीत, शेऱ्याच्या रकान्यात, पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहून पाहिलं: याच्या सावलीत कांताबेन अठरा वर्षं उभी राहून इस्त्री करते. वाक्य दोन ओळींत बसलं. खाली थोडी जागाही उरली.